म्हातारा विरुद्ध चष्मेवाला

लातूर जिंकलं. नांदेडनं ते स्वतःच्या तोंडानं, लातूरच्याच बैठकीत बसून कबूल केलं आणि वर दुसरा चहा घेतला.

तर असं काही घडलेलंच नाही. त्या दिवशी हजर असलेल्या तिघांचंही हेच म्हणणं आहे. तेव्हा वरच्या ओळी आपणही वाचल्या नाहीत असं धरून पुढं जाऊ.

मल्लिनाथसेठचं लातुरात पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे आणि घर गावाबाहेर, औशाच्या रस्त्याला, शेतांना चिकटून. जिलानीभाई नांदेडला शेरवान्या शिवतात. दोघांची गाठ पडली ती हैदराबादेत, जुन्या रेकॉर्डींच्या एका ढिगासमोर. त्या ढिगातून दोघांनी एकच चीज उचलली, एका जर्मन साहेबाचा व्हायोलिन कॉन्चेर्तो. यात एका बाजूला एकटं व्हायोलिन असतं आणि दुसऱ्या बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा. ग्रामसभेत एकट्यानं हरकत घ्यावी तसा प्रकार असतो तो, फक्त इथं शेवटी सगळे हरकत मान्य करतात.

जिलानीभाईंच्या रेकॉर्डीला कव्हर होतं आणि त्यावर चष्मा लावलेला एक वादक. मल्लिनाथसेठच्या रेकॉर्डीला कव्हर नव्हतं, मधला नावाचा कागदही पाण्यानं पुसलेला. वाजवणारा कोण, कुठला, काही कळायला मार्ग नव्हता. सेठनं ती अडचण मानलीच नाही. सूर खोल होता, चाल संथ होती, म्हणजे माणूस म्हातारा असणार. मधल्या भागात तो असा काही रेंगाळायचा की त्याची बायको वारलेली असणार. पुढं पुढं त्याला एक मुलगाही देण्यात आला. तो लांब शहरात नोकरीला होता आणि बापाला फोन करत नव्हता.

रविवारी दुकान बंद. सेठ सकाळी आंघोळ, लिंगपूजा उरकून म्हातारा लावायचा आणि ऐकून झाला की नांदेडला फोन. मग वाद. जिलानीभाईंचं म्हणणं, तुमचा म्हातारा वाजवत नाही, नुसता गुडघे धरून उठतो. सेठचं म्हणणं, तुमच्या चष्मेवाल्याची एस.टी. सुटत असणार. जिलानीभाई म्हणायचे, तुमच्याकडं सूरच उतरलेला आहे. सेठ म्हणायचा, दुःखानं उतरलाय.

"म्हातारा हाय तो, जिलानीभाई. त्याला कुटं जायचंय?"

पावसाळ्यात दमट हवेनं रेकॉर्ड खराब होते म्हणून सेठ ती कपाटात ठेवी आणि वादही चार महिने कपाटात राही. पण यंदा हरभऱ्याला पाणी सुरू झालं तसा वाद भलताच पेटला. जिलानीभाईंनी शर्त घातली. दोन्ही रेकॉर्डी एकाच मशीनवर, एकामागून एक लावायच्या. हरणाऱ्यानं आपली रेकॉर्ड जिंकणाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. सेठ हाव, चालतंय म्हणून बसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही. म्हातारा नांदेडला गेला तर तिथं त्याला कोण समजून घेणार होतं?

पंच म्हणून सेठची बायको महानंदा नेमली गेली. दोन्ही वादकांपैकी कुणावरच तिचं प्रेम नव्हतं, हीच तिची पात्रता. ती भिंतीकडं तोंड करून मेथी निवडत बसली. जिलानीभाई नांदेडहून सकाळच्या बसनं आले. चष्मेवाला शेरवानीच्या अस्तरात गुंडाळून मांडीवर घेतलेला.

आधी म्हातारा लागला. नेहमीसारखा खोल, रेंगाळत, पोराची आठवण काढत. जिलानीभाईंनी शिष्टाचार म्हणून एकही जांभई दिली नाही. मग चष्मेवाला लागला, आणि तोही गुडघे धरून उठला.

जिलानीभाईंचा चेहरा उतरला. बसच्या हादऱ्यानं रेकॉर्डीला काही झालं का, म्हणून त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, फुंकली, परत लावली. तोच सूर, तेच रेंगाळणं. महानंदानं मागं न वळता विचारलं, मघाचंच परत लावलंय का?

एवढ्यात शिवारातली शेतीची थ्री-फेज लाइन गेली, घरची राहिली. आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम बंद पडल्या. त्यातल्या निम्म्या सेठनंच विकलेल्या. घरातला बल्ब फटकन पांढरा झाला, पंखा गरगरायला लागला आणि चष्मेवाला एस.टी.च्या मागं पळत सुटला.

सेठनं म्हातारा परत लावला. म्हातारा तरुण झाला होता. त्याला बायको नव्हती, पोरगा नव्हता, आणि बहुधा चष्मा होता.

दोन्ही रेकॉर्डी एकाच माणसाच्या, एकाच दिवशी वाजवलेल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सेठ सांगायचा की मोटारीत खोट नाही, व्होल्टेज कमी म्हणून ती रडते. घरातल्या रेकॉर्डीच्या मशीनची मोटार रडते ती मात्र कलेपायी, असं त्यानं धरलं होतं.

"आता लई घाई करून राहिला हा," महानंदा मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली. "पहिलं बरं व्हतं."

जिलानीभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"खरं सांगू का सेठ? इतके साल ऐकून राहिलो. त्याला काय म्हणायचं हाय ते आज कळलं. तुमच्याकडं येऊन तो शाना झाला."

म्हणून लातूर जिंकलं. पण एकाच माणसाला एकाच माणसाकडून हरवायचं कसं, हे तिघांनाही सुटेना. तेव्हा शर्त लागलीच नव्हती असं ठरलं. जिलानीभाई आपली रेकॉर्ड घेऊन गेले आणि पुढच्या रविवारी फोनवर चष्मेवाल्याची बाजू जोरात मांडू लागले. सेठही म्हाताऱ्याच्या मुलाबद्दल नवी माहिती देऊ लागला. दोघांनाही बरं वाटलं.

हे असंच चालायचं, पण शिवारात नवी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बसली. सेठच्याच गिऱ्हाइकांनी ती मागून मागून आणली होती, आणि मागणीवर पहिली सही सेठची होती. त्या रविवारी म्हातारा पहिल्याच सुरात ताडकन उभा राहिला. सेठनं बोट टेकवून तबकडी धरून पाहिली, तर म्हाताऱ्याला उचकी लागली. मग व्होल्टेज पाडायला त्यानं दुकानातल्या पाच मोटारी आणून अंगणातल्या विहिरीवर एकदम चालवल्या. विहीर तळाला गेली, महानंदानं अंगणात लावलेला कांदा पाण्यावर तरंगला, बल्ब मात्र मिणमिणायला तयार नव्हता. महानंदा त्या दिवशी जे बोलली, त्यातलं "अहो" तेवढं लिहिण्यासारखं आहे.

संध्याकाळी सेठनं नांदेडला फोन केला. वाद घालायला नाही. म्हातारा गेला, एवढंच म्हणाला. जिलानीभाई दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आले आणि दोघं मिळून वीज कार्यालयात गेले. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज एकदा वाचला, दोघांकडं पाहिलं आणि परत पहिल्यापासून वाचायला घेतला:

"महोदय, नवीन रोहित्र बसविल्यामुळे आमच्या भागातील विद्युतदाब सुरळीत झाला असून, परिणामी एका वयोवृद्ध वादकाचे वय अचानक कमी झाले आहे. तरी सदर रोहित्रावरून दर रविवारी सकाळी एक तास, पावसाळा वगळून, पूर्वीप्रमाणेच अपुरा विद्युतदाब देण्यात यावा, तसेच हीच सुविधा नांदेड येथील सहअर्जदारासही लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती."