मिठाचं कपाट

बायको गेली तरी आमच्या घरातला स्वयंपाक अळणीच राहिला. तिचं हृदय थकलं होतं, पाय सुजायचे, म्हणून मीठ बंद केलं होतं. ती गेल्यावरही लेकीने बरणी कपाटातच ठेवली, कुलूप लावून. "आई गेली. तुम्हाला नाही जाऊ द्यायची," म्हणाली.

पण मला मीठ हवंसं वाटू लागलं, अगदी वेड्यासारखं. अंगात त्राण नव्हतं. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. मी पडेन म्हणून लेक कामावर जाताना दाराला बाहेरून कडी घालू लागली. मी खाटेवर बसून कपाटाकडे बघायचो.

एक दिवस राहवेना. माझी जुनी पक्कड घेतली आणि कुलपाला भिडलो. लेक परत आली तेव्हा मी जमिनीवर पडलेलो, पक्कड हातात.

"बाबा, या वयात चोरी? आणि तीही मिठाची?"

"दागिने कुठे ठेवतेस ते सांगितलं नाहीस ना," म्हणालो. पण उठता येईना.

डॉक्टरीणबाईंनी माझी काळवंडलेली बोटं पाहिली, रक्त तपासलं. "मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी असते. तिचं संप्रेरक तिथल्या बारीक नळ्यांना निरोप देतं, लघवीत चाललेलं मीठ परत रक्तात ओढा म्हणून. तुमचा निरोप जातच नाही. मीठ गळून चाललंय."

"जन्मभर लोकांचे गळके नळ दुरुस्त केले," मी म्हणालो.

लेक हसली नाही. "पण आईला तर हृदयासाठी मीठ बंद होतं..."

"त्यांचं उलट होतं. हृदय थकलं की शरीराला वाटतं, रक्त कमी पडतंय. निरोप जास्त सुटतो, नळ्या मीठ आणि पाणी धरून ठेवतात. यांना मात्र मीठ हवंच, आणि गोळ्या जन्मभर. एकही चुकवायची नाही."

घरी जेवायला बसलो तेव्हा लेकीने कपाट उघडून बरणी माझ्यापुढे ठेवली. मी चिमूट उचलली आणि हात थांबला. बायको शेवटी शेवटी एवढंच मागायची.

"खा ना, बाबा."

खाल्लं. मग लेकीच्या ताटाकडे लक्ष गेलं. आईचं मीठ बंद झाल्यापासून तीही अळणीच जेवत होती. मी बरणी तिच्याकडे सरकवली.

"तूही घे गं. तुझं कुणी बंद केलं?"