वाघोबा क्लब कुणी विकला

आंबेपाड्याचा वाघोबा फुटबॉल क्लब कांतीलाल शेटनं विकला, असं जव्हारच्या बाजारात सगळे सांगतात. निम्मं खोटं आहे. विकणारा तो एकटाच असता, तर देवरामनं त्याला एसटी डेपोसमोर धरून कुटला असता आणि विषय तिथंच मिटला असता.

देवराम म्हणजे क्लबचा कप्तान. बचावाला उभा राहिला की समोरचा खेळाडू चेंडू सोडून आधी आपली नडगी सांभाळायचा. आंबेपाडा खोडाळ्याच्या अंगाला. भात कापून झालं की म्हाताऱ्या पोश्याबाबाच्या खाचरात खेळ सुरू व्हायचा, पेरणीच्या तोंडावर रोपांचे राब भाजायला लागले की बंद. बांबूचे गोल, अनवाणी पाय, धसकटांनी सोलून निघालेल्या टाचा. ठाण्यात इमारतींच्या कामावर गेलेल्या पोरांनी शेजारच्या टर्फवर साहेबांची लेकरं खेळताना जाळीतून पाहिली, आणि गावाला येऊन त्यांच्यापेक्षा सरस खेळली. शिकवायला कुणाचा बाप आला नव्हता. आधी तालुका मारला, मग जिल्हा, मग थेट मुंबईची पगारी लीग. पायात बूट आले. खेळल्याचा पगार मिळतो, हे पाड्यातल्या म्हाताऱ्यांना कितीतरी दिवस खरंच वाटेना.

लीगवाले म्हणाले, अध्यक्ष पाहिजे, शहरात ऑफिस पाहिजे. म्हणून कांतीलालला आणला. जव्हारला पत्रे आणि पाइप विकणारा माणूस. फुटबॉलमधलं त्याला एवढंच कळायचं, की फोटोत मधोमध उभं राहायचं.

हाच कांतीलाल होळीच्या आधी पाड्यावर आला. देवरामच्या घरी जेवला. देवरामच्या बायकोनं, काशीनं, तांदळाची भाकर आणि उडदाची आमटी वाढली. शेटनं बोटं चाटली. मग शाळेच्या ओट्यावर सभा. शेट म्हणाला, "ठाण्याचे एक बिल्डर आहेत. लीगमधली आपली जागा ते घेणार. नाव बदलेल, मैदान ठाण्याला जाईल. पोरांचं कल्याणच आहे. काय म्हणता?"

कुणी काही म्हणालं नाही. पोश्याबाबा काठीनं माती उकरत बसला. बायांनी पदर नीट केले. पोरं आपल्या पायांकडे बघत राहिली.

आता पाड्याची रीत अशी की पाहुण्याच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. गप्प बसतात. गप्प बसले म्हणजे नाही. सोयरीक मोडायची असो, बैल नाकारायचा असो, हेच. पाहुणा समजतो आणि उठतो. शहरातून अभ्यासाला येणारे या असल्या गोष्टींना सुंदर म्हणतात. डोंबलाचं सुंदर! शेटनं चारी बाजूंनी मान फिरवली, "कुणाची हरकत? नाही ना? मंजूर!" म्हणाला आणि टाळी वाजवली. त्याच्या पोरानं, ऋत्विकनं, सगळं मोबाइलवर घेतलं.

देवरामला दोन्हीकडचं ठाऊक होतं. ठाण्यात मुकादम विचारायचा, "किसीको प्रॉब्लेम?" सगळे गप्प, की रविवारची सुट्टी गेलीच. तरी तो ओट्यावर तोंड शिवून बसला. आपल्या चुलीचं खाल्लेल्या माणसाला त्याच दिवशी तोंडावर नाही कसं म्हणायचं?

पाडा मात्र खुशीत होता. पोश्याबाबा हसत म्हणाला, "शेटला बरा वाटेला लावला."

मग जव्हारच्या नाक्यावर बॅनर लागला. संघातल्या नितीनचा मोठ्ठा फोटो, मागं उंच इमारती, आणि वाघोबाच्या जागी कसलंसं इंग्रजी नाव. देवराम तसाच शेटच्या दुकानात शिरला.

"ये ये, कप्तान! चंपा, चहा टाक गं."

"चहा नको."

"पाणी तरी घे."

"पाणीबी नको. आज तुमच्या घरचं काय घ्यायचं नाय, म्हंजे तोंड मोकळं ऱ्हातं. आमी क्लब दिला नाय शेट."

कांतीलाल हसला. "ऋत्विक, दाखव रे." मोबाइलवर ओटा आला, खाली घातलेल्या माना आल्या, मंजूर आलं, टाळी आली. "यात नाही कोण म्हणालं, बोट ठेव."

"गप बसलं म्हंजे नाय."

"असं कुठल्या कायद्यात आहे?"

"तुमी एवढी वर्सं आमच्यात उठता-बसता. तुमाला म्हाईत नव्हतं?"

शेटनं पाइपांवरची धूळ फडक्यानं झटकली. त्याला माहीत होतं. ते त्या फडक्यावरूनच कळलं. "रविवारी खोडाळ्याला पोरांना न्यायला गाडी येईल," तो म्हणाला. "तुला यायचं तर ये. नाहीतर बस नाचणी पेरत."

रविवारी गाडी आली. बाजारात पोरं बॅगा घेऊन उभी होती. देवराम गाडीच्या दारात आडवा झाला. आतून शेट ओरडला, "बाजूला हो, तमाशा नको!" कोंबड्या विकणाऱ्या बायासुद्धा उठून बघायला लागल्या.

"कोणी चढायचा नाय," देवराम म्हणाला. "क्लब पाड्याचा हाय. पाड्यानं नाय म्हटलंय."

"मी नव्हतं म्हटलं," नितीन म्हणाला.

"काय?"

"मी गप होतो दादा. पण मी नाय म्हणत नव्हतो. मला जायचं होतं."

देवराम उसळला. "मायला, मग तवाच बोलायचं होतं!"

"तू बोल्ला?"

बाजारात कुणीतरी खिदळलं. देवरामचा हात वर गेला होता, तो तसाच लोंबकळत खाली आला. ज्या गप्प बसण्यावर तो सगळ्या जगाशी भांडत होता, त्याच्या पोटात काय काय दडलं होतं ते त्यानं कधी कुणाला विचारलंच नव्हतं. पाड्याचं एकमत! कसलं एकमत? मान खाली घातली की सगळ्यांची टाळकी सारखीच दिसतात.

तो दारातून बाजूला झाला. "आता तोंडानं बोला," तो म्हणाला. "जो जाईल तो सांगून जाईल. जो ऱ्हाईल तोबी सांगून ऱ्हाईल. पाहुणाबिहुणा कोणी नाय इथं."

"जातो," नितीन म्हणाला आणि चढला.

सुकऱ्या गोलकीपर. तो रडकुंडीला आला होता. "घरी सांग दादा. जातो." तोही चढला. मग आणखी चढले, मान वर करून, एकेक शब्द बोलून.

मुकेशची पाळी आली. शेटनं खिडकीतून हाक मारली, "चल रे मुकेश, हुशार पोरगा तू!"

मुकेश शेटच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाय येत." आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हटलेलं पोरगं. त्याच्या मागं आणखी थोड्यांनी बॅगा खाली टाकल्या.

गाडी गेली. लीगमधली जागा गेली, पगार गेले, निम्मा संघ गेला. नाव तेवढं उरलं, तेही बिल्डरला नको होतं म्हणून.

संध्याकाळी पोश्याबाबानं देवरामला अंगणातच धरला. "बाजारात सगळ्यांसमोर पोरांकडून नाय म्हणवून घेतलं? रीत बुडवली तू!"

"बुडवली," देवराम म्हणाला. "बाबा, उद्या खाचरात खेळू द्यायचं का नाय? बोल. तोंडानं बोल."

म्हाताऱ्यानं रागानं काठी आपटली.

"खेळा मेल्यांनो," तो म्हणाला.