गुरुवारचा खोपा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि दिसतंय का बघा. ओढ्यावर वाकलेली एक बाभूळ आहे. तिच्या फांद्यांना सुगरणींचे हिरवे-पिवळे खोपे टांगलेले आहेत. खाली हाताची घडी घालून, गाल फुगवून दहा वर्षांची दिव्या उभी आहे. आणि पक्षी? एकही नाही! तेच तर तिचं दुखणं होतं.

गेल्या महिन्यात वाऱ्याने पडलेला एक खोपा तिने शाळेत नेला होता. तेव्हा तिच्या वर्गातला निरंजन म्हणाला, "हा दुकानातला आहे. चोचीने कुणी असं विणतं का?" सगळा वर्ग हसला. सुगरण विणताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, हे दिव्याने तिथेच ठरवलं. पण बाबांच्या भोसरीतल्या कंपनीला सुट्टी गुरुवारी आणि शाळेला रविवारी! आज नेमकी गुरुवारी शाळेलाही सुट्टी आली होती. म्हणून सकाळीच दिघीहून रिक्षा करून तिघं देहूजवळच्या या ओढ्यावर आली होती. दिव्या, बाबा आणि बीडहून चार दिवस राहायला आलेली अंबुआत्या.

पहिला पिवळ्या डोक्याचा नर आला तोच बाबा हात लांब करून ओरडले, "तो बघ, तो बघ!"

भुर्र!

"बाबा, बोट नका ना दाखवू!"

"अगं, बोट नाही दाखवलं तर तुला दिसणार कसा?"

बऱ्याच वेळाने दुसरा आला. चोचीत गवताची लांब पट्टी होती. दिव्याने श्वास रोखला. एवढ्यात मागून आत्या कडाडली, "अगं बया! दिवे, हिकडं ये! तरोटा बघ कसला कवळा आलाय!" टाकळ्याच्या रानभाजीला आत्या तरोटा म्हणायची.

पुन्हा भुर्र.

"आत्या, हळू बोल की!"

"का गं? भाजीला काय कान असतेत व्हय?"

दिव्याला आता रडूच यायला लागलं. त्यात बाबांचा फोन वाजला. कंपनीत मशीन बंद पडलं होतं.

"लगेच यायला सांगतायत, बाळा. ओव्हरटाइम आहे. मी वर रस्त्यावर रिक्षा बघतो."

"पण आज तुमची सुट्टी आहे ना!"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

"आता रडत बसण्यापरीस शेंडे खुड," आत्या म्हणाली आणि सुपारीचं खांड तोंडात टाकून कामाला लागली.

दिव्या धपकन खाली बसली. तणतणत एक शेंडा खुडला. मग दुसरा. झाडाकडे बघायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं. आत्याच्या तोंडात सुपारी, दिव्याच्या तोंडाला रागाने कुलूप. ओढ्याकाठी सगळं शांत झालं.

आणि थोड्या वेळाने डोक्यावरच चिवचिवाट सुरू झाला.

दिव्याने मान वर केली नाही. नुसते डोळे वर केले. नर परत आला होता! खोप्याला उलटा लटकून त्याने पट्टीचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं चोचीने आत खुपसलं. मग पलीकडून ते टोक पकडून ओढायला लागला. अगदी आई सुईत दोरा घालून ओढते तसं. खाली दोन माणसं वाकून भाजी खुडतायत, याची त्याला फिकीरच नव्हती.

दिव्याने आत्याचा पदर हळूच ओढला. आत्याने बघितलं आणि सुपारी चघळणंही थांबवलं.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. "दिव्या! चला लवकर!"

नर दचकला, पण उडाला नाही. पट्टी अजून अर्धीच ओढून झाली होती.

हॉर्न पुन्हा वाजला. दिव्या उठली नाही. मान खाली घालूनच तिने टाकळ्याचा आणखी एक शेंडा खुडला, अगदी सावकाश.