आधी अंग टाकून बघा

मुंगीच्या बाबांचं गाद्यांचं दुकान होतं आणि आयुष्याबद्दल एकच मत होतं : अंग टाकून पाहिल्याशिवाय काही घ्यायचं नाही. गिऱ्हाइकाला ते बूट काढायला लावून गादीवर आडवं करत आणि तो घोरायला लागला की सौदा पक्का समजत. त्यामुळे घरात प्रवेश परीक्षेच्या क्लासचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आधी मी बसून बघतो."

"बाबा, क्लास मला लावायचाय!"

"गादी गिऱ्हाइकाची असते. तरी मी झोपून बघतोच की."

मुंगीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. अभ्यास तोंडपाठ होता, पण समोर घड्याळ आलं की हातपाय गार पडत आणि पेपर हमखास अर्धा राही. क्लासशिवाय आपली धडगत नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

क्लासच्या भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो होते. बाबांनी ते निरखून पाहिले. "एकाचीही झोप झालेली नाही," ते हळहळले.

मोफत चाचणीची वेळ झाली. "पालकांनी बाहेर थांबायचं," समुपदेशक बाई म्हणाल्या.

"मी उमेदवार आहे," पिकलेल्या मिशांवरून हात फिरवत बाबा म्हणाले आणि पेपर घेऊन लेकीशेजारी बसले.

घंटा झाली. मुंगीची बोटं नेहमीसारखी गारठली. शेजारी बाबांनी, गादीला टाके घालावेत तशी, उत्तरांची एकाआड एक वर्तुळं काळी केली, पेन खिशाला लावलं आणि बाकावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग तालात. बाक थरथरू लागला. मुंगीने ओठ चावला, रुमाल तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना. हसता हसता बोटांत ऊब आली आणि पेन जे पळत सुटलं ते शेवटच्या प्रश्नावरच थांबलं. घंटा अजून व्हायची होती!

बाईंनी पेपर यंत्रात घातले. "मुलीत अफाट क्षमता आहे. पण आमच्या मार्गदर्शनाशिवाय ती बाहेर येणार नाही." मग मान वर न करता दुसरा पेपर, "याही मुलात अफाट क्षमता आहे. पण आमच्या..."

बाबा लाजले. "शाळेत मला असं कधीच कुणी म्हणालं नाही गं. नाव घालू का माझं?"

मुंगीने त्यांना बाही धरून जिन्यावर आणलं. "बाबा, माझा पेपर पूर्ण झाला!"

"म्हणजे क्लास चांगला आहे."

"क्लास नाही हो, तुम्ही!"

क्लास लागला नाही. त्याऐवजी रोज दुकान उघडण्याआधी मुंगी गल्ल्याच्या टेबलाशी घड्याळ लावून जुने पेपर सोडवू लागली आणि बाबा समोरच्या गादीवर आपली जबाबदारी पार पाडू लागले.

"लेकीच्या शिक्षणासाठी बाप बिचारा झोपून झोपून थकला," आई शेजारणीला सांगे.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये बाबा नव्हते. घंटा झाली, बोटं गारठली. मुंगीने डोळे मिटले. तो ताल आठवला आणि ती खुदकन हसली.

"काय झालं?" पर्यवेक्षकांनी दरडावलं.

"काही नाही सर. घरची आठवण आली," म्हणत तिने पेन उचललं.

ती बाहेर आली तेव्हा आई फाटकातच उभी होती. "कसा गेला गं?"

"पूर्ण सोडवला!" मुंगीने उडीच मारली. मग झाडाखालच्या बाकावरून येणारा तो ताल ऐकून तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल ना, आई. आमचे सर झोपलेत."