काच बसल्यावर

इसाकने तारेची दोन्ही टोकं मुठीत आवळली आणि टपाच्या कडेला चिकटून राहिलेला काळा चिकटा करवतीसारखा कापायला सुरुवात केली. प्रत्येक ओढीबरोबर फुटक्या काचेचे खडे आत, सीटवर अंथरलेल्या चादरीत पडत. साबुदाणा सांडावा तसा आवाज येई.

"हळू रे भाऊ," प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली झुंबरबाई म्हणाली. "गाडी शे, बकरं नही."

"बकरं असतं तर एव्हाना झालं असतं, अक्का."

"तोंड चाललं तसे हात चालू दे."

इसाक हसला आणि पुन्हा वाकला. जळगावच्या अजिंठा चौफुलीपलीकडच्या त्या दुकानात उन्हाने पत्रा कडकडत होता. दाराशी झुंबरबाईचा मुलगा कुंदन मोबाइल बघत उभा होता. गाडी त्याची. हायवेत शेत गेलं, त्या शेताची ही गाडी झाली. लाल, बुटकी, बिबट्यासारखी गुरगुरणारी. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावच्या रस्त्याला लागली की पोट खरवडून घ्यायची. आणि टप म्हणावा तर पुढून मागपर्यंत नुसती काच. पहिल्या दिवशीच झुंबरबाई म्हणाली होती, एवढा पैसा घेऊन मेल्यांनी डोक्यावर छप्परसुद्धा दिलं नाही. पण गावात दुसऱ्या कोणी गाडीला नाव ठेवलं असतं, तर तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

नवी काच परदेशातून मुंबईला आणि मुंबईहून लाकडी खोक्यात इथे आली होती. गाडी न्यायला कुंदन एकटाच निघाला होता. ही मागून येऊन बसली. कशाला, ते तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

"फुटली कशी?" इसाकने कडा पुसत विचारलं. "दगड लागल्याचं तर दिसत नाही. तापलेल्या काचेवर पाणी टाकलं का कोणी? आधीचा बारीकसा टवका असला की तेवढ्यानेही जाते."

"बायकोने टाकलं," मोबाइलमधून डोकं न काढता कुंदन म्हणाला.

झुंबरबाईने पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली.

पाणी तिनेच टाकलं होतं. गच्चीवर माकडं पडतात, अंगणात कोंबड्या, म्हणून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, थापलेलं धोतर तिने गाडीच्या त्या गुळगुळीत काचेवर पसरलं होतं. वैशाखाचं ऊन, खालून तापलेली काच. बिबडे दुपारपर्यंत खडखडीत वाळले. धोतरापासून बिबडे सोडवायला पाणी लावावं लागतं. दरवर्षी ती शिंपडते. त्या दिवशी स्टुलावर चढून तिने फ्रीजमधली अख्खी बाटली ओतली, कारण माठ लांब होता आणि गुडघे दुखत होते. बंदुकीसारखा आवाज झाला. धोतर काखेत मारून ती मागल्या दाराने घरात गेली आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली.

आवाज ऐकून सून धावली. दिपमाला. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. ती केरसुणी घेऊन काच गोळा करत होती, तेवढ्यात कुंदन आला.

"मी नाही," एवढं एकदाच ती म्हणाली. मग ओसरीवर आलेल्या सासूकडे तिने पाहिलं. त्या बघण्यात काही मागणं होतं, की नुसतं कळलेलं होतं, हे झुंबरबाईला आजवर ठरवता आलं नव्हतं. तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते, "पांढऱ्या पायाची आली घरात." आणि कुंदनचा हात उठला. एकदा नाही. दिपमालाच्या डाव्या कानातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला शिरपूरला घेऊन गेला. जाताना उलट भाऊच हात जोडत होता.

झुंबरबाईच्या पिशवीत फोन वाजला. तिला नावं वाचता येत नसत. कुंदनने प्रत्येकाचा फोटो लावून दिला होता. रुपचंदचा फोटो होता. दिपमालाचा भाऊ.

तिने फोन कानापासून लांब धरला. कोणाशीही ती तशीच बोले, सगळ्या जगाला ऐकू जाईल असं. आणि व्याह्यांशी बोलायचं तर अहिराणी बाजूला ठेवून शाळेतल्या बाईंसारखी बोले. चौथीत शाळा सुटली म्हणून काय झालं.

"बोला रुपचंदभाऊ."

"अक्का, आम्ही धुळ्याला आलोय. कानाच्या डॉक्टरकडे. आई पण आहे."

"काय म्हणतो डॉक्टर?"

"पडद्याला भोक आहे म्हणतो. येईल म्हणे हळूहळू ऐकू, नाहीतर ऑपरेशन. अक्का, काच बसते ना आज? कुंदनराव म्हणाले होते, काच बसल्यावर बघू. मग आम्ही इथूनच पोरीला घेऊन येतो. ती सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेल. चूक आमचीच आहे. नवी पोर, समज नाही. नवरा-बायकोत होतंच असं, आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

मागे बाईचा आवाज आला, हलका. रुपचंदची आई धुरपदाबाई असावी. काय म्हणाली ते कळलं नाही.

"काच बसली की कळवते," झुंबरबाई म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

पाया पडेल. हे शब्द तिला खड्यासारखे दाताखाली लागले. जन्मभर तिने कोणाचं उसनं ठेवलं नव्हतं, वाटीभर विरजणसुद्धा. आता आपल्या हातून फुटलेल्याची माफी दुसऱ्याच्या पोरीने मागायची आणि आपण पाय पुढे करून बसायचं, एवढी ती हलकी नव्हती.

नवी काच उचलायला इसाकने शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली. काचेवर रबरी वाट्या चिकटवून दोघांनी ती उचलली. कडेभर काळ्या पेस्टची दोरी आधीच सोडलेली होती. काच खाली आली, किंचित सरकली, बसली. इसाकने तळव्याने कडेकडेने दाब दिला आणि हलू नये म्हणून चिकटपट्ट्या मारल्या. एवढ्या मोठ्या काचेत वरचा पत्रा, त्यातली भोकं, लटकलेला पंखा, सगळं उलटं दिसत होतं.

"आता धरायला वेळ लागेल," तो म्हणाला. "मी नमाज पढून येतो. दरवाजे आपटू नका, आत हवा कोंडली की काच उचलते. अक्का, तुमच्यासाठी चहा सांगतो. साखर घालू का, का बोलण्यातच पुरे?"

"दुप्पट घाल. तुझं बिल गोड लागायला पाहिजे."

तो गेला. टायरवालाही गेला. दुकानात माय-लेक उरले.

"कुंदन."

"हं."

"ती काच तिनी नही फोडी." झुंबरबाई गाडीकडे बघत होती. "मी फोडी. बिबडासवर पानी टाकं मी."

बोलून झाल्यावर तिने श्वास सोडला. तो ओरडेल, निदान मोबाइल आपटेल, असं तिने गृहीत धरलं होतं. ओरडणाऱ्याला गप्प कसं करायचं ते तिला ठाऊक होतं.

कुंदनने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. आईने लेकराची खोडी पकडावी तसं काहीतरी होतं.

"माले ठाऊक व्हतं, माय."

"काय ठाऊक व्हतं?"

तो जवळ आला, तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. गाडीला चारी बाजूंनी कॅमेरे होते. उभ्या गाडीला कोणी हात लावला की ते आपोआप चालू होत. पडद्यावर त्यांचं अंगण होतं, ऊन होतं. एक म्हातारी स्टुलावर चढत होती. पदर खोचलेला, हातात बाटली. झुंबरबाईला आधी ती कोणी परकी बाई वाटली, एवढी वाकलेली. मग पडदा हादरला. म्हातारी उतरली, धोतर ओढलं, मागे न बघता निघून गेली. थोड्या वेळाने दिपमाला धावत आली.

"कवय पाह्यं तू हाई?"

"तवयच. घरमा येवाना आगोदर. काच फुटताच मोबाइलवर आलं."

"मंग तिले का मारं?"

कुंदनने मोबाइल खिशात ठेवला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला.

"शिकेल बाई शे, माय. बीएस्सी. रोज माले इचारे, गाडी कसाले, जमीन कसाले. तूच सांगे ना, बाईले पहिलाच सालमा वाकाडनी पडस. मंग जलमभर मान वर करत नही." तो हसला. "आते पाय, येस ना पाय पडाले. आनि तूनं नाव भी बाहेर गयं नही."

चहा आला. चहावाल्याने ग्लास स्टुलावर ठेवला आणि तो गेला. झुंबरबाईने ग्लासाला हात लावला नाही. हे शब्द तिचेच होते. गावातल्या कोणत्याही लग्नघरात, नव्या सासूच्या शेजारी बसून, पान चघळत तिने ते सांगितले होते, आणि बाया हसल्या होत्या. तेव्हा कुंदन कुठेतरी आसपास असायचा. लेकरं ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं.

गुडघ्यावरचा हात जड होता. रुंद, केसाळ, बोटात पुष्कराजाची अंगठी. ती अंगठी तिनेच करून दिली होती. कानाला लागली ती तीच असेल.

"लाव फोन," ती म्हणाली.

"आसं." कुंदन उठला. त्याने रुपचंदला फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल आईच्या हातात दिला. "सांग, तिले लई या म्हना. संध्याकाळलोंग येतीन."

घंटी वाजत राहिली. खरं सांगावं, तर 'बघा, आमची पोर निर्दोष निघाली' म्हणत पेढे घेऊन आजच येतील. मारलं म्हणावं, तर ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि तरी ते हात जोडून निघाले होते. काहीही सांगितलं तरी त्यांची गाडी धुळ्याहून पारोळ्याच्याच रस्त्याला लागणार होती.

"हां अक्का, निघू का आम्ही?"

"निघू नका." तिचा आवाज खणखणीत होता. "पोरीला आमच्याकडे आणू नका."

"म्हणजे? काच बसली नाही का?"

"काच बसली. काचेला काय, एक गेली की दुसरी येते. घराणं तसं बदलता येत नाही. रुपचंद, तुझा बाप गेला तेव्हा तुझी आई केवढी होती रे?"

"अक्का, त्याचा इथे काय..."

"भर तरणी होती. आणि एकटीने दोन लेकरं वाढवली म्हणून तुम्ही चारचौघांत मिरवता. कोणाच्या मळ्यात वाढवली? रात्री कोणाच्या खळ्यावर राखणीला राहायची? मला विचारू नको, सगळ्या तालुक्याला विचार. लग्नात मी गप्प बसले. पण तशा बाईच्या पोटची पोर माझ्या चुलीपाशी नको."

हे शब्द तिला शोधावे लागले नाहीत. नवरा गेला आणि कुंदन कडेवर होता तेव्हा, भर ओट्यावर, चार माणसांत, तिच्या दिराने तिला हेच ऐकवलं होतं. तिने मळासुद्धा बदलला नाही, खळंसुद्धा नाही. त्या दिवसानंतर तिने दिराच्या दारचं पाणी घेतलं नव्हतं, तो मेला तेव्हाही नाही.

फोनवर दवाखान्यातलाच असावा असा कोणाच्या तरी नावाचा पुकारा ऐकू आला. झुंबरबाईने मोबाइल कानाशी नेला आणि दाबून धरला.

"अक्का," रुपचंद म्हणाला, "तुम्ही मोठ्या आहात म्हणून..."

"दे इकडे." मागून बाईचा आवाज आला. फोन ओढल्याची खरखर झाली. मग धुरपदाबाई बोलली, अगदी सावकाश. "बाई, माझी लेक मला जड झालेली नाही. आता तुम्ही पालखी पाठवली तरी ती तुमचा उंबरा चढणार नाही. ऐकलं?"

"ऐकलं," झुंबरबाई म्हणाली.

तिकडून फोन कटला.

"माय, हाई काय करं तू?" कुंदनचा चेहरा उतरला होता. "काय करं हाई?"

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. तो घेईना, तेव्हा स्टुलावर, गार झालेल्या चहाच्या शेजारी ठेवला.

इसाक दाराशी उभा होता. केव्हा आला होता, कोणास ठाऊक. त्याने चप्पल काढून टोपी खिळ्याला अडकवली, गाडीपाशी जाऊन काचेवरची एक चिकटपट्टी विनाकारण दाबली. मघाशी अक्का, अक्का करणारा माणूस आता तिच्या खुर्चीच्या बाजूने येईनासा झाला. त्याने फडकं झटकलं आणि कुंदनलाच विचारलं, अजून थांबणार का म्हणून.

झुंबरबाईने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि खुर्चीत ताठ बसून राहिली.