नाण्यावरचा जांभळा

जुन्या नाण्यांच्या बाजारातला थान दुपारी गाडी घेऊन निघणार होता. बाजारातल्या सगळ्यांची नाणी गोळा करून तो ग्वांगझोउला न्यायचा. तिथले तज्ज्ञ ती पारखायचे, दर्जाचे अंक द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करायचे. बाकीच्यांची नाणी कधीच पिशवीत पडली होती. मो ग्वांगलिनचं मात्र आठवडा झाला तरी ठरत नव्हतं, कारण समोरचं नाणं त्याच्या आईचं होतं.

चांदीचं, जुनं, जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या मोठ्या डोक्याचा छाप असलेलं. कडेला मोरपंखी निळा, आत जांभळा, मधोमध सोनेरी. असा रंग पेटीत पडल्या पडल्या वर्षानुवर्षं आपोआप चढला असेल, तर लोक त्यावर जीव टाकतात. कुणी मुद्दाम चढवला असेल, तर ‘रंग संशयास्पद’ असा शेरा येतो आणि नाणं मातीमोल होतं. ग्वांगलिनने छातीठोकपणे खरा म्हणून सांगितलेला एक नग वसंतात असाच शेरा घेऊन परत आला होता. तेव्हापासून लिउझोउच्या त्या बाजारात त्याचं नाव निघालं की माणसं आधी हसायची, मग बोलायची. रंग ओळखण्यावरच ज्याचं पोट, त्याला हे हसणं फार झोंबायचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पेला हातात धरून नुसता बसला होता.

“अरे मो, नाणं निवडतोयस की सून?” थान दारातूनच ओरडला. “टाक पिशवीत. आईकडचं आहे, त्याला बाजाराची हवासुद्धा लागलेली नाही.”

“तेच तर. लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा पांढरंफटक होतं. नंतर पेटीतच राहिलं असेल, तर हा रंग खरा.”

“मग विचार की तिला.”

“तिला काय कळतंय त्यातलं? सणाला गेलो, तर निघताना गुपचूप खिशात घातलं माझ्या. नातीच्या लग्नासाठी असेल.”

लहानपणी त्या नाण्याला घरात एकच काम होतं. पोराला ताप आला, पोट दुखलं, की आई अंडं उकडायची, बलक काढून टाकायची, पांढऱ्यात नाणं खुपसून फडक्यात बांधायची आणि ते गरम गाठोडं पाठीपोटावर फिरवायची. मग सोडून बघायची. नाणं निळं पडलं तर थंडी, लाल पडलं तर उष्णता. नंतर चुलीची राख घेऊन घासलं की पुन्हा पांढरं. बाजारातले लबाडही नाण्यांना रंग चढवतात तो याच अंड्याने. दुसऱ्याच्या नाण्यात ग्वांगलिनने पहिल्याच नजरेत अंडं शोधलं असतं. आईच्या नाण्यात शोधायचं धाडस होत नव्हतं, कारण हे नाणं खरं निघायला हवं होतं. अक्कल अशी सोयीने झोपते.

थान घड्याळ बघायला लागला, तेव्हा नाइलाजाने ग्वांगलिनने भिंग लावलं. जांभळ्यावर फडक्याची वीण उमटली होती. अक्षरांच्या खाचेत त्याने बांबूची काडी फिरवली, तर पांढरट पापुद्रा निघाला. थानने वास घेतला आणि मांडीवर थाप मारली.

“अंडं! अरे, आई तर तुझ्याही वरचढ निघाली. रंग चढवून पोटच्या पोरालाच गंडवलं!”

ग्वांगलिन हसला नाही. पापुद्रा ताजा होता. शेरा, बाजार, नाव, सगळं त्याच्या डोक्यातून उतरलं. आई गावात एकटी राहत होती. त्याने फोन लावला.

“आई, नाण्याने शेकलंस कुणाला?”

“शेजारच्या पोराला.”

“कुठलं पोर? सगळी आईबापांबरोबर शेनझेनला गेली. तुमच्या गावात आता कुत्रीसुद्धा म्हातारी आहेत.”

पलीकडे आईने कोंबड्यांना हाकललं.

“पोटात दुखतं रे,” आई म्हणाली. “उन्हाळ्यापासून.”

“मग सणाला बोलली का नाहीस?”

“सगळे जेवत होतात. पोरं हसत होती. काय सांगायचं तेव्हा? म्हणून नाणं दिलं. या खेपेला राखेनं घासलं नाही मुद्दाम. निळा मला कळतो, लालही कळतो. हा जांभळा कधी आला नव्हता. तू रंग वाचतोस, म्हटलं तू बघशील आणि फोन करशील. रोज वाट बघते.”

आठवडाभर तो तोच जांभळा दिव्याखाली धरून बसला होता. ग्वांगलिनला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती जास्त वाटली.

“काय असतं रे जांभळा म्हणजे?”

“रंगावरून दुखणं कळत नाही, आई. डॉक्टरला दाखवू.”

“असं कसं? लोक लांबून लांबून तुलाच विचारायला येतात ना?”

ग्वांगलिनने थानकडे पाहिलं. थानचं हसू केव्हाच मावळलं होतं. थाननेच लोकांच्या नाण्यांची पिशवी ग्वांगलिनच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि गाडीची किल्ली काढली.

“मी निघालोच, आई. संध्याकाळच्या आत पोचतो.”

“ये. आणि नाणं आठवणीनं आण,” आई म्हणाली. “ते तुझ्याकडे गेल्यापासून मला शेकायला काही नाही रे.”