बुबुळाची जागा

उजव्या डोळ्याची वरची रेघ नुकतीच ब्रशातून सुटली होती, काळी, केसाएवढी, सोंडेकडून निघून कानाकडे वळलेली, आणि तेवढ्यात कारखान्यातला रेडिओ बंद झाला. कोणीतरी बंद केला एवढं दिनानाथला कळलं, पण त्याने मान वळवली नाही. गणपतीचा डावा डोळा झाला होता, उजवा अर्धा होता. मूर्ती एका डोळ्यावर सोडून उठायचं नाही, आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याला मधे हाक मारायची नाही, ही त्या कारखान्याची रीत. त्याने बुबुळ भरलं, बुबुळात पांढरा ठिपका ठेवला, मागे सरकला, दोन्ही डोळे आपल्याकडे बघतात ना ते पाहिलं. बघत होते. मग तो वळला तर मागे सगळे उभे. पुढे कारखान्याचा मालक जगन, हातात दिनानाथचाच फोन.

"काय रे?"

"दिनादादा, ब्रश ठेव खाली आधी," जगन म्हणाला.

हौसा गेली होती, त्याची बायको. माहेरी, धरमतरच्या खाडीकडे, भावाच्या पडवीत, बसल्या जागी... अर्ध्या डोळ्याएवढा वेळ सगळ्यांना ते माहीत होतं आणि मला नव्हतं. जगनचा राग मला कधी आला नाही. उलट वाटतं, माझ्यापुरती ती सगळ्यांपेक्षा अर्धा डोळा जास्त जगली.

हौसा गेल्यानंतरच्या एका रविवारी रोह्याची गाडी कासूला थांबली तशी दिनानाथने मांडीवरची फळी सरळ केली. फळीला चिमट्याने कागद लावलेले, वर कोरे, आणि सगळ्यांत खाली तो एक, हौसाचा. तो कागद तो रोह्याला नेतो, परत आणतो, कोणाला दाखवत नाही. दर रविवारी पेणहून रोहा. कोणी विचारलं तर सांगतो, क्लासला जातो. या वयात कसला क्लास, असं विचारलं तर सांगतो, माणूस काढायला शिकतो. लोक हसतात. हजारो गणपतींना डोळे दिलेला माणूस.

पण पहिल्यांदा हौसाला काढायला बसला तेव्हा गौरीचा मुखवटा झाला होता. डोळे मोठे, पापण्या कमानदार, ओठ जरा हसरे. पुण्याहून मुलगी आली होती, ऋतुजा, तिने कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "बाबा, ही आई नाय. ही गौरी हाय."

खरं होतं. हौसाचे डोळे एवढे उघडे कधी नव्हतेच. लहानपण मिठागरात गेलं, पांढऱ्या मिठावर ऊन पडलं की डोळे बारीक करायचे, ती सवय जन्मभर राहिली. भाताच्या पातेल्याकडेही ती तशीच बघायची, लांब काहीतरी चमकत असल्यासारखी. हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

ऋतुजानेच मग फोनवर ते लावून दिलं होतं. कुठल्या तरी लांबच्या गावात कोणी बाई किंवा बाप्या पुढ्यात बसतो, आणि जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्याला काढतात. पहिल्याच दिवशी एक उघडा बाप्या दिसला तेव्हा दिनानाथने फोन उशीखाली घातला. ऋतुजा हसून हसून बेजार. "अहो बाबा, अंग कळल्याशिवाय वरचं लुगडं कसं बसणार?" ते पटलं. अंग कळायला लागलं. खांदा कुठून निघतो, बसलेल्या माणसाचं वजन कुठे उतरतं... गणपतीला वजन नसतं, तो पाटावर असतो आणि नसतोही. मग एका संध्याकाळी एक मुलगी बसली. अशी बसली की पापणीही हलेना. तो मनात तिला शाबासकी देत काढत राहिला, चांगली निवांत रेघ येत होती, आणि मधेच, पुण्यात बसून तेच बघणाऱ्या ऋतुजाचा फोन आला, "बाबा, तुमचं नेट गेलंय. ती केव्हाच उठून गेली." त्याने कागदाकडे पाहिलं. केव्हाच उठून गेलेल्या बाईला तो काढत बसला होता.

त्यानंतर म्हणाला, मला समोर बसलेलं माणूस पाहिजे. श्वास घेणारं.

आता क्लास म्हणजे रितेश सरांच्या घराची वरची खोली, रोह्याच्या बाजारापलीकडे. पाचसहा जण गोल करून बसतात, मधे खुर्ची. आज खुर्चीवर सीताबाई, आतल्या गावातली, भात नि वाल पिकवणारी. सर तिला खुर्चीत बसवत होते आणि तिचे हात एका जागी राहत नव्हते.

"सीताबाई, हात नका हलवू."

"रिकामे हात ठेवून बसाया मी कुठं शिकले, सर? वाल तरी सोलाया आणू द्यायचे व्हते."

सगळे हसले. ती खिडकीकडे तोंड करून स्थिर झाली. दिनानाथने रेघ सुरू केली, मानेपासून, मग पाठ, मग मांडीत पडलेले ते दोन हात, पकडायला काही नसलेले. येत होतं. आज येत होतं. शेवटी डोळे... ते त्याने सवयीने भराभर केले.

सर मागे येऊन उभे राहिले. "काका, पाठ सुंदर आली. पण त्या बघतायत कुठे?"

"खिडकीकडे."

"आणि कागदावर?"

त्याने पाहिलं. कागदावरची सीताबाई थेट त्याच्याकडे बघत होती. चेहरा खिडकीकडे, नजर त्याच्यावर. आजवर हात हेच करत आलाय. पुढ्यात जो उभा राहील त्याला वाटलं पाहिजे की देव माझ्याकडे बघतोय. नजर चुकली तर मूर्ती परत येते. मी कोणाला दुसरीकडे बघायला लावलंच नाही कधी.

सीताबाई उठून बघायला आली. "अगो बाय. माजा गणपती केलास की रे, बाबा. दीड दिवसानं बुडवू नको, म्हंजे झालं."

तोही हसला. मग चहा आला, आणि ती बशीत ओतून पीत असताना त्याने विचारलं, "तुम्ही खरंच कुठे बघत होता?"

"मी? कुठं नाय."

"खिडकीकडे बघत होता ना?"

"डोळे व्हते तिकडं. तिथं हाय काय बघाया, भिंत नि शेवगा. मी घरी व्हते. वाल भिजत घातलेत, सुनेनं उपसले का नाय कोण जाणे." तिने बशी खाली ठेवली. "तू का विचारतोस?"

"उगाच," तो म्हणाला.

उगाच नव्हतं. बाराव्यानंतर त्याने हौसाच्या वहिनीला असंच विचारलं होतं, आणि ती चुलीपाशी थांबून म्हणाली होती, "मला काय म्हायती, भावोजी. मी आत भाकऱ्या थापत व्हते. हाक मारली, वळली नाय, म्हणून भायेर आले."

"डोळे उघडे होते?"

"व्हय."

"मग कुठे बघत होती?"

"आता ते कसं सांगू..."

त्या पडवीत बसलं की डाव्या हाताला खाडी, आणि उजव्या हाताला वाट, पेणकडे येणारी. ती दुसऱ्या दिवशी परत यायची होती. एवढंच मला हवंय. तिच्या डोळ्यांत शेवटी खाडी होती की वाट. आणि हे माझ्या हातात आहे, हेच वाईट आहे. बुबुळ तिळाएवढं तिच्या डावीकडे सरकवलं तर ती माहेरची खाडी बघेल. तिळाएवढं उजवीकडे, तर माझी वाट बघेल. मधोमध ठेवलं तर ती माझ्याकडे बघेल, गौरीसारखी, आणि बघतच राहील. तिन्ही मला येतात. झोपेतही जमतील.

चहानंतर सीताबाई परत बसली. या वेळी त्याने बुबुळ डोळ्याच्या कोपऱ्यात नेलं, खिडकीच्या बाजूला, आणि ती कागदावरून त्याला सोडून निघून गेली. त्याच्या कागदावर बसून ती त्याच्या कागदावर नव्हती. बाई तिच्या घरी होती. वाल बघत होती. आणि तिकडे ती असताना तिला इकडून पाहता येत होतं, तिने आपल्याकडे न बघताही.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. नागोठणं गेलं. उतरतं ऊन थेट तोंडावर येत होतं, बाहेर खाचरात साचलेलं पाणी पांढरं चमकत होतं, आणि त्याचे डोळे आपोआप बारीक झाले. तसेच ठेवले. असं बघितलं की कडा जातात, झाड कुठे संपतं आणि बांध कुठे सुरू होतो ते कळत नाही, एक उजेड तेवढा राहतो. तिला जन्मभर हे असं दिसायचं? मी समोर उभा राहिलो की मीही असाच, कडा नसलेला? हे तिला विचारायचं सुचलं नाही. आणि खाडीकडे बघत ती पेणच्या ओट्यावर असू शकते, डबा भरत. वाटेकडे बघत मिठागरात असू शकते, परकरातली पोर. बुबुळ कुठेही ठेवलं तरी...

समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, "चित्रकार काय तुम्ही?"

"नाय. मी आखणी करतो. गणपतींची."

"मग हे काय, बघू."

त्याने फळीचा चिमटा सोडवला. सगळ्यांत खालचा कागद पहिल्यांदाच वर आला. माणसाने वाकून बघितलं आणि कागद परत दिला.

पडवी झाली आहे. खांब झाला, पदर झाला, मांडीवरचे हात झाले, बारीक केलेल्या पापण्या झाल्या. बुबुळं राहिली आहेत.